पाहुणा चालेल, पण नातेवाईकच हवा!

दोस्तांनो, तुमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डापाशी कधी दोन मिनिटं थांबला आहात का? बहुतेक नसालच. पाणी येण्याची वेळ, टाकी धुण्याची तारीख, मेंटेनन्स थकवणाऱ्यांची यादी... त्यात तुम्हांला रस तो कसला वाटणार! पण पुढच्या वेळी जिना उतरताना जरा थांबा आणि वाचा. 'गच्चीवर पतंग उडवण्यास मनाई आहे.' 'आवारात क्रिकेट खेळू नये.' 'पाहुण्यांनी गाड्या गेटबाहेर लावाव्यात.' 'बाहेरच्या मुलांना आवारात खेळण्यास सक्त मनाई.'

यातल्या एखाद्या नियमावरून तुमचं आणि सेक्रेटरीकाकांचं वाजलंही असेल. तुम्ही रागारागाने घरी आलात, तर आई म्हणते, "नियम म्हणजे नियम. तो सगळ्यांना सारखाच!" आणि बाबा पेपरातून डोकं वर न काढता 'हं' म्हणतात.

बहुतेक वेळा आईचं म्हणणं बरोबर असतं. नियम खरंच सगळ्यांसाठी असतो आणि आपल्या भल्याचाही असतो. पण कधी कधी काय होतं ठाऊक आहे? नियम कागदावर सगळ्यांना सारखा दिसतो, पण तो एकाच कुणाला तरी बाहेर ठेवण्यासाठी केलेला असतो. असा नियम ओळखायचा कसा?

चला, त्यासाठी आज आपण अमेरिकेत एका पोहण्याच्या तलावावर जाऊ. त्या तलावावर पाहुण्यांसाठी एका दिवसात नवा नियम झाला. आणि त्या नियमाचं भांडण थेट देशाच्या सर्वोच्च न्यायालयात जाऊन पोचलं!

माझं, तुझं आणि आपलं

आधी एक साधी गोष्ट समजून घेऊ. तुमच्या घरात टीव्ही किती वाजता बंद करायचा, हे तुमच्या घरचे ठरवतात. बाहेरच्या रस्त्यावर काय चालेल आणि काय नाही, हे नगरपालिका आणि पोलीस ठरवतात. पण या दोन्हींच्या मध्ये एक जागा असते. जिना, लिफ्ट, गच्ची, आवार, बाग. ती एकट्या कुणाची नसते, पण सगळ्यांची असते. ती 'आपली' जागा. आणि भांडणं होतात ती बहुतेक इथेच!

आपल्याकडे अशा जागांचा कारभार सोसायटी पाहते. महाराष्ट्रात सहकारी संस्थांसाठी १९६० चा कायदा आहे आणि अपार्टमेंटच्या मालकीसाठी १९७० चा वेगळा कायदा आहे. अमेरिकेतही अशीच व्यवस्था असते. ज्या इमारतीत फ्लॅट ज्याचा त्याचा आणि बाकीचं सगळं सामाईक, तिला तिथे 'कॉन्डोमिनियम' म्हणतात. बोलताना नुसतं 'कॉन्डो'. सुट्ट्या बंगल्यांच्या वसाहतींमध्येही घरमालकांची संघटना असते. सगळे मिळून वर्गणी काढतात आणि त्यातून बाग, खेळाचं मैदान आणि पोहण्याचा तलाव सांभाळतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथली मुलं दिवसचे दिवस या तलावावर असतात. त्यामुळे तलावावर जायला मिळणं म्हणजे वसाहतीतल्या मुलांमध्ये मिसळायला मिळणं. आणि तलावाचं दार बंद, म्हणजे मैत्रीचंही दार बंद.

आता एक कडू गोष्ट. अमेरिकेत १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली. पण कृष्णवर्णीय लोकांना दूर ठेवण्याच्या युक्त्या काही संपल्या नाहीत. अनेक ठिकाणी घराच्या कागदपत्रांतच अट घातलेली असे, की हे घर गोऱ्या माणसाशिवाय कुणाला विकायचं नाही. काही कागदांत आशियाई लोकांनाही मनाई असे. म्हणजे तुमच्याआमच्यासारख्यांनाही! अशा अटी न्यायालयं अमलात आणणार नाहीत, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं ते १९४८ साली.

घराचं दार असं थोडंफार किलकिलं झालं. पण तलावाचं?

व्हीटन-हेवनचा तलाव

वॉशिंग्टन शहराच्या जवळ, मेरीलँड राज्यात सिल्व्हर स्प्रिंग नावाचं गाव आहे. तिथे १९५८ साली परिसरातल्या रहिवाशांनी पोहण्याच्या तलावासाठी एक संस्था काढली. नाव व्हीटन-हेवन. नफा कमवायचा नाही, वर्गणीतून तलाव चालवायचा, असा सरळ हिशेब. जास्तीत जास्त ३२५ कुटुंबं सभासद होऊ शकत. तलावापासून पाऊण मैलाच्या आत ज्यांचं घर, त्यांना पहिला मान. त्यांना कुणाची शिफारस लागत नसे. एखाद्या सभासदाने आपलं घर विकलं, तर ते घर घेणाऱ्याला सभासदत्व मिळण्याची पहिली संधी. सगळं कसं व्यवस्थित होतं.

१९६८ सालचा वसंत ऋतू. डॉ. हॅरी प्रेस नावाच्या कृष्णवर्णीय गृहस्थांनी या पाऊण मैलाच्या आत घर घेतलं होतं. त्यांनी तलावाच्या सभासदत्वाची चौकशी केली. उत्तर मिळालं ते नकाराचं. कारण? त्यांचा रंग.

त्याच वर्षी जुलै महिन्यात दुसरा प्रसंग घडला. टिलमन नावाचं गोरं जोडपं या तलावाचं सभासद होतं. वर्गणी वेळेवर भरणारं, कुठलीही तक्रार नसलेलं. एके दिवशी ते आपल्या एका मैत्रिणीला पाहुणी म्हणून तलावावर घेऊन गेले. ही मैत्रीण कृष्णवर्णीय होती. त्या दिवशी तिला आत सोडलं गेलं. कुणी आरडाओरडा केला नाही, की दारात अडवलं नाही. झालं, वाटलं की विषय संपला.

पण दुसऱ्याच दिवशी संस्थेच्या संचालकांनी खास बैठक बोलावली. आणि नवा नियम केला: 'यापुढे सभासदांना पाहुणा म्हणून फक्त आपल्या नातेवाइकालाच आणता येईल.'

पुढच्या खेपेला टिलमन आपल्या मैत्रिणीला घेऊन गेले, तेव्हा तिला दारातूनच परत पाठवण्यात आलं. नियम म्हणजे नियम!

आता हा नियम पुन्हा एकदा वाचा. त्यात काळा-गोरा असा शब्द आहे का? नाही. तो सगळ्या सभासदांना सारखा लागू होता का? होता. मग बिघडलं कुठे?

जरा डोकं चालवा. संस्थेचे सभासद सगळे गोरे. आणि गोऱ्या माणसाचे नातेवाईक कोण असणार? गोरेच! गंमत म्हणजे, गोऱ्या आणि कृष्णवर्णीय माणसांच्या लग्नाला मेरीलँड राज्यात कायद्यानेच बंदी होती, आणि ती उठली १९६७ साली. म्हणजे तलावाचा हा नियम होण्याच्या अवघं एक वर्ष आधी. तेव्हा 'फक्त नातेवाईक' म्हणजे प्रत्यक्षात 'फक्त गोरे'. शब्द तेवढा बदलला होता.

तुम्ही म्हणाल, तलावावर गर्दी होत असेल, म्हणून केला असेल नियम. ठीक आहे, तपासून पाहू. गर्दीचीच काळजी असती, तर 'प्रत्येक घराला दोनच पाहुणे' असा नियम करता आला असता. पण या नियमानुसार दहा मामेभाऊ-आतेभाऊ घेऊन आलात तरी चालणार होतं, आणि एक मैत्रीण मात्र चालणार नव्हती. गर्दी कमी करण्याची ही कुठली रीत? पुढे खटला उभा राहिला, तेव्हा संस्थेनेही मान्य केलं, की सभासदांनी कृष्णवर्णीय पाहुणे आणू नयेत, हे या नियमामागचं एक कारण होतं.

'आमचा खासगी क्लब आहे!'

१९६९ साली प्रेस पती-पत्नी, टिलमन पती-पत्नी आणि त्यांची ती मैत्रीण असे सगळे मिळून न्यायालयात गेले. यावर संस्थेचं उत्तर काय होतं? 'आमचा खासगी क्लब आहे. आम्ही कुणाला घ्यायचं आणि कुणाला नाही, हा आमचा प्रश्न.'

हे उत्तर काही हवेतून आलेलं नव्हतं. १९६४ साली अमेरिकेत नागरी हक्कांचा मोठा कायदा झाला. हॉटेलं, उपाहारगृहं, नाट्यगृहं अशा सार्वजनिक जागी वर्णभेद करायचा नाही, असं त्याने बजावलं. हा कायदा होण्याच्या काही दिवस आधीची एक घटना ऐका. फ्लोरिडा राज्यात सेंट ऑगस्टीन गावी काही कृष्णवर्णीय आणि गोऱ्या तरुणांनी एका मोटेलच्या तलावात एकत्र उड्या मारल्या. हा त्यांचा सत्याग्रहच होता. तर मोटेलच्या व्यवस्थापकाने चक्क पाण्यात आम्ल ओतलं! फरशी साफ करायला वापरतात ते. १८ जून १९६४ च्या त्या प्रसंगाची छायाचित्रं जगभर गेली.

पण १९६४ च्या कायद्यात एक पळवाट होती. खरोखरच खासगी असलेल्या क्लबांना त्यातून सूट होती. व्हीटन-हेवनने नेमकं तेच दार धरलं. आणि आश्चर्य म्हणजे, खालच्या दोन्ही न्यायालयांनी संस्थेचं म्हणणं मान्य केलं.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २७ फेब्रुवारी १९७३ रोजी निकाल लागला आणि सगळे न्यायाधीश एकमताने म्हणाले, की हा खासगी क्लब नाही!

का बरं? न्यायालयाने फार साधा विचार केला. खासगी क्लब म्हणजे जिथे माणसं एकमेकांना पारखून निवडतात. इथे काय होतं? परिसरात राहणारा कुणीही गोरा माणूस आत येऊ शकत होता. स्वभाव नाही, आवड नाही, ओळखदेख नाही. बघायचा तो फक्त रंग. शिवाय तलावाचा हक्क घराच्या पत्त्याशी जोडलेला होता. आता विचार करा, दोन माणसांनी एकाच गल्लीत घरं घेतली. गोऱ्याला घराबरोबर तलावाची पहिली संधी, आणि कृष्णवर्णीयाला नुसत्या भिंती. मग दोघांचा हक्क सारखा कसा झाला? मालमत्ता विकत घेण्याचा आणि बाळगण्याचा हक्क सर्व नागरिकांना गोऱ्या नागरिकांइतकाच राहील, असं तर १८६६ सालच्या कायद्यातच म्हटलेलं होतं. एकशेसात वर्षांपूर्वीचा कायदा तलावाच्या काठावर कामाला आला! संस्थेचा बचाव फेटाळला गेला आणि पुढची कार्यवाही करायला खटला खालच्या न्यायालयाकडे परत गेला.

शेजारी गप्प बसले नाहीत

या गोष्टीतल्या टिलमन पती-पत्नीकडे पुन्हा एकदा बघा. त्यांना तलावावर कुणी अडवलं नव्हतं. ते मजेत पोहू शकत होते. 'आपल्याला काय करायचंय?' असं म्हणून गप्प बसू शकत होते. पण बसले नाहीत.

त्यांच्याही आधी व्हर्जिनिया राज्यात पॉल सुलिव्हन नावाच्या गोऱ्या गृहस्थांनी असंच केलं होतं. त्यांनी आपलं एक घर कृष्णवर्णीय भाडेकरूला दिलं. घराबरोबर वसाहतीच्या बागेचा आणि तलावाचा हक्कही दिला. त्या वसाहतीत तशी पद्धतच होती. पण समितीने भाडेकरूला नकार दिला. सुलिव्हन यांनी जाब विचारला, तर समितीने त्यांनाच सभासदत्वावरून काढून टाकलं! तेही न्यायालयात गेले आणि डिसेंबर १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकले. जो शेजारी दुसऱ्याच्या हक्कासाठी उभा राहतो, त्यालाच शिक्षा करायला लागलात, तर भेदभाव कधी संपणारच नाही, असा त्या निकालाचा रोख होता.

आणि याच १९६९ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या लहान मुलांच्या एका लाडक्या टीव्ही कार्यक्रमात काय दाखवलं, ऐका. कार्यक्रमाचे सूत्रधार होते फ्रेड रॉजर्स. दिवस उकाड्याचा. रॉजर्स प्लॅस्टिकच्या छोट्या टबात पाय सोडून बसले आहेत. तिथून पोलीसदादा चाललेत. ते काम करणारे फ्रान्स्वा क्लेमन्स कृष्णवर्णीय होते. रॉजर्स त्यांना म्हणतात, या, तुम्हीही पाय बुडवा. दोघं एकाच पाण्यात पाय सोडून गप्पा मारतात आणि एकाच टॉवेलने पाय पुसतात. कार्यक्रमात भाषण नाही, उपदेश नाही. पण लाखो घरांत मुलांनी आणि त्यांच्या आईबाबांनी ते पाहिलं.

हे तर आपल्या ओळखीचं आहे!

एकच पाणी, आणि त्यावरून 'तुम्ही नाही' असं सांगणं... मराठी मुलांना ही गोष्ट नवीन वाटायला नको. महाडच्या चवदार तळ्याचा धडा तुम्ही शाळेत वाचला असेल. पण त्यातला एक भाग बऱ्याच जणांना माहीत नसतो आणि तो व्हीटन-हेवनच्या गोष्टीशी अगदी जुळतो.

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांना खुले करावेत, असा ठराव १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात झाला. त्याला धरून महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली आपलं तळं खुलं केलं. कागदावर! प्रत्यक्षात पाण्याला हात लावण्याची कुणाची हिंमत नव्हती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि त्यांनी ओंजळभर पाणी प्यायलं.

मग काय झालं? त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला जुना ठराव रद्द केला. पाहुणा येऊन गेल्यावर नियम बदलला! आणि काही मंडळी न्यायालयात गेली. त्यांचं म्हणणं काय, तर हे तळं सार्वजनिक नाही, खासगी आहे. व्हीटन-हेवनने चाळीस-पंचेचाळीस वर्षांनंतर मांडलेला हाच तो मुद्दा! खटला जवळजवळ दहा वर्षं चालला आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाने बाबासाहेबांच्या बाजूने निकाल दिला.

पुढे आपली राज्यघटना झाली. तिच्या पंधराव्या कलमात दुकानं, उपाहारगृहं आणि रस्त्यांबरोबर विहिरी, तलाव आणि स्नानाचे घाट यांचाही मुद्दाम उल्लेख आहे. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान पाहून तिथे कुणाला अडवता येत नाही. सोसायट्यांचा प्रश्न मात्र इतका सरळ सुटलेला नाही. २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण सोसायटीच्या खटल्यात, सभासदत्व आपल्याच समाजापुरतं ठेवण्याचा तिचा पोटनियम सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवला. म्हणजे कायदा सगळीच दारं उघडत नाही. काही दारं शेजाऱ्यांनीच उघडावी लागतात.

कार्ड लावलं, दार उघडलं

'ही सगळी जुनी गोष्ट झाली,' असं म्हणता? मग थेट २०१८ सालात या. ४ जुलै, अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. नॉर्थ कॅरोलिना राज्यात विन्स्टन-सेलम शहरातल्या एका वसाहतीच्या तलावावर एक कृष्णवर्णीय आई आपल्या मुलाला घेऊन आली. तलावाची देखरेख करणाऱ्या गोऱ्या शेजाऱ्याने तिला हटकलं. कुठे राहता? ओळखपत्र दाखवा. तिने पत्ता सांगितला. त्याचं समाधान झालं नाही. त्याने पोलिसांना बोलावलं.

तलावाचं फाटक कार्ड लावल्याशिवाय उघडत नसे, आणि कार्ड फक्त रहिवाशांकडे असे. बाईंकडे कार्ड होतं. पोलिसांसमोर ते लावून पाहिलं आणि फाटक उघडलं! नियम पाळला गेला होता, मग चौकशी कसली? मी इतरांनाही विचारतो, असं शेजाऱ्याचं म्हणणं. इतर कुणाला ओळखपत्र मागितलं नाही, मलाच का, असा बाईंचा सवाल. हा प्रसंग तिने मोबाइलवर टिपला होता, तो देशभर पाहिला गेला आणि त्या शेजाऱ्याला समितीतलं पद सोडावं लागलं.

बघा, इथे नियम वाईट नव्हता. रहिवाशांनीच तलाव वापरावा, यात चुकीचं काहीच नाही. पण चांगला नियमही सगळ्यांना सारखा लावला नाही, तर तो वाईट नियमासारखाच वागतो.

तासांचं गणित

आता एक कोडं. न्यू जर्सी राज्यात लेकवूड गावी एक कॉन्डो आहे. तिथले बरेच रहिवासी कर्मठ ज्यू. स्त्री-पुरुषांनी एकत्र पोहू नये, असं त्यांचा धर्म सांगतो. म्हणून समितीने २०१६ साली वेळापत्रक केलं. काही तास फक्त पुरुषांचे, काही फक्त स्त्रियांचे, काही सगळ्यांचे. आठवड्याचे एकूण तास मोजले, तर पुरुषांचे आणि स्त्रियांचे जवळपास सारखेच! मग तक्रार कसली?

तक्रार घड्याळात होती. सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी पाचनंतर पुरुषांना मिळत होते साडेसोळा तास आणि स्त्रियांना मिळत होते साडेतीन. दिवसभर नोकरी करणाऱ्या बाईने पोहायचं कधी? काही रहिवाशांनी वेळापत्रक मोडलं, तर त्यांना पन्नास डॉलर दंड झाला. ते न्यायालयात गेले. २०१९ साली निकाल लागला, की हे वेळापत्रक घरांबाबत भेदभाव करू नये सांगणाऱ्या १९६८ च्या कायद्याविरुद्ध आहे. समितीने कुणाचा द्वेष केला नव्हता. बहुसंख्य रहिवाशांच्या श्रद्धेचा मान राखायला ती गेली होती. पण एकाचा मान राखताना दुसऱ्याच्या हातात काय उरलं, हे मोजायला ती विसरली.

जाता जाता तुमच्या कामाची गोष्ट! अमेरिकेतल्या या कायद्यात १९८८ साली 'मुलं असलेली कुटुंबं' हेही शब्द घातले गेले. त्यानंतर मुलांना सामाईक जागेत खेळायला सरसकट बंदी करणारे अनेक नियम तिथल्या न्यायालयांनी चुकीचे ठरवले. मात्र लगेच टाळ्या पिटू नका. लहान मुलांनी मोठ्या माणसाशिवाय पाण्यात उतरू नये, असे सुरक्षेचे नियम तिथेही आहेत आणि असायलाच हवेत.

नोटीस बोर्डाला पाच प्रश्न

तर दोस्तांनो, आता वही-पेन्सिल घ्या आणि आपल्या सोसायटीचा कुठलाही एक नियम निवडा. त्याला हे पाच प्रश्न विचारा.

१. हा नियम कधी झाला? एखादं नवं कुटुंब राहायला आल्यावर किंवा एखादा पाहुणा येऊन गेल्यावर तर नाही ना?

२. नियमामागचं खरं कारण कोणतं? गर्दी, पाणी, आवाज, अपघात... कारण मोजता येतं का?

३. त्या कारणावर हा उपाय लागू पडतो का? गर्दी कमी करायची असेल, तर आकडा ठरवा. माणूस कोण आहे, हे कशाला बघायचं?

४. नियम सगळ्यांना लावला जातो का? तुमच्या वर्गातल्या मित्राला वॉचमनकाका वहीत नाव लिहायला लावतात आणि मोटारीतून आलेल्या पाहुण्याला सलाम ठोकतात, असं तर होत नाही ना?

५. नियमाचा त्रास नेमका कुणाला होतो? धुणंभांड्याला येणाऱ्या मावशींना सातवा मजला जिन्याने चढावा लागतो का? ईशान्य भारतातून शिकायला आलेल्या भाडेकरू ताईच्याच मैत्रिणींना रात्री आठनंतर बंदी आहे का?

पाचही उत्तरं नीट आली, तर तो नियम चांगला आहे असं समजा आणि आनंदाने पाळा. आवडला नाही तरी पाळा! 'दुपारी दोन ते चार खेळू नये' हा नियम तुम्हांला कितीही जाचक वाटला, तरी तळमजल्यावरच्या आजींची झोप हे खरं कारण आहे. पण उत्तरं अडखळली, तर तोंड मिटून बसू नका. भांडू नका, फाटक वाजवू नका, नोटीस फाडू तर मुळीच नका. आईबाबांना सांगा. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत सभासदांना बोलण्याचा आणि मत देण्याचा हक्क असतो. सेक्रेटरीकाकांना चार ओळींचं सभ्य पत्र लिहिता येतं. त्यात फक्त विचारायचं, 'काका, हा नियम कशासाठी आहे, सांगाल का?' ज्या नियमाला खरं कारण आहे, त्याला या प्रश्नाची भीती वाटत नाही.

आणि मोठ्या माणसांनो, तुमच्यासाठीही दोन शब्द. पुढच्या सभेत एखादा नवा नियम हात वर करून पास करण्याआधी मुलांचे हे पाच प्रश्न एकदा वाचून बघा. "आपल्या इमारतीत तसले लोक नकोत," हे वाक्य मुलं जिन्यात, लिफ्टमध्ये, जेवणाच्या ताटावर ऐकत असतात. 'तसले' म्हणजे कोण, हे तुम्ही सांगितलं नाहीत, तरी त्यांना बरोबर कळतं. दुसऱ्या दिवशी खेळताना कुणाला घ्यायचं नाही, हे ती त्यावरूनच ठरवतात.

खेळायला आलेला भिडू कुणाचा नातेवाईक आहे, हे मुलांना आपणहून कधी विचारावंसं वाटत नाही. तो बॉलिंग कशी करतो, एवढंच त्यांना हवं असतं. त्यांची ही सवय मोडू नका.